वेलावरचं सगळं सोडलं

काशीला गेलेल्या माणसानं एक आवडतं फळ अन् एक आवडती भाजी तिथंच सोडून यायची, ही सौंसरकडची जुनी रीत. पुंडलिकराव गंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, नाक धरून बुडी मारली आणि वर येऊन एका दमात म्हणाले, "येलावरचं सारं सोडलं!"

पंडा खूश झाला. काठावर ओलं लुगडं पिळत उभी असलेली त्यांची बायको मालतीबाई मात्र मनात म्हणाली, वा रे हुशार! दोडकं, लवकी, कारलं, तोंडली, कोहळं... ज्या ज्या भाजीला या माणसानं जन्मभर नाक मुरडलं, ती सगळी एकाच बुडीत गंगेला वाहिली.

तेव्हापासून कुणाच्या घरी ताटात दोडकं दिसलं की पुंडलिकराव हात जोडत. "काशीले सोडलं जी." समोरची बाई ओशाळून वाटीभर बेसनाचं पिठलं आणून वाढी. द्राक्षंही वेलावरच येतात, हे मालतीबाईनं दाखवून दिलं तेव्हा त्यांनी हात झटकला. मग म्हणाले, "जाऊ दे. मी कोणतं रोज द्राक्षं खाऊन राहिलो!"

नगरपालिकेत पाणी सोडायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. सौंसरच्या कोणत्या गल्लीत नळाला केव्हा धार येणार, ते ह्यांच्या हाती. रिटायर झाल्यावर सायकल राहिली, बस स्टँडवरचा गोड चहा राहिला, आणि चहासोबत आलुबोंडा. तो एकटा कधी येत नसे, जोडीनं येई.

मग एका हिवाळ्यात पायाचा अंगठा टम्म सुजला. चादरीचा स्पर्शही सहन होईना. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर युरिक ॲसिड निघालं, आणि त्याच्या मागोमाग शुगर. पोटाचा फोटो काढला, तर त्यात मुतखडा. "एका तिकिटात तीन पाव्हणे आले," पुंडलिकराव हसले. मालतीबाईला हसू आलं नाही. मोहगावचे भासरे, ह्यांचे थोरले भाऊ मोरेश्वरभाऊ, असेच हसत होते. चपलेनं चावलेलं भरलं नाही, आणि शुगरपायी घोट्यापासून पाय गेला.

दवाखान्यात आहार सांगणारी हिमानी म्हणून मुलगी होती. ती समजावून सांगायची. साखर नको, गूळ पण नको काका, तो पण तोच. आलू नको, भात मूठभर. अंगठ्यासाठी बेसन, तुरीची डाळ, मटण कमी. खड्यासाठी पालक नको. गोळ्या चुकवायच्या नाहीत. "आणि अर्धं ताट भाजीचं पाहिजे. दोडका, लौकी, गिलकी, जे मिळेल ते."

"ते काशीले सोडलं," पुंडलिकराव म्हणाले.

हिमानीला वाटलं, काशी म्हणजे कुणी नातेवाईक असेल. मालतीबाईनं समजावलं, तेव्हा ती पोरगी पदरात तोंड लपवावं तशी फायलीमागं हसली.

घरी मालतीबाईनं मेथी केली, पत्तागोबी केली, भेंडी केली, पुन्हा मेथी केली. चौथ्या दिवशी ह्यांनी ताट सरकवलं आणि बस स्टँड गाठलं. पुढच्या तपासणीत शुगर जिथल्या तिथं. हिमानी म्हणाली, "इन्सुलिनची सुई लागली तर लागली काका, त्यात वाईट काही नाही. पण आत्ता जेवण सुधारलं तर डॉक्टर अजून थांबतील. पायाला मात्र जपा."

पायाला, एवढंच मालतीबाईच्या कानात राहिलं. पहाटे हे झोपेत असताना ती हळूच पांघरूण सारून तळपाय पाहायची. कुठं चिरलं तर नाही, कुठं काळं तर नाही. तिची स्वतःची झोप पार उडाली.

शेवटी एका दुपारी तिनं दोडक्याची भाजी ताटात वाढलीच.

"हे काय करून राहिली तू? पापात पाडतं का मले?"

"कायचं पाप जी? पंड्यानं काय सांगतलं होतं? आवडते ते सोडा. तुमाले दोडकं आवडे का?"

"नाई."

"कारलं?"

"थूः!"

"मंग तुमी काय सोडलं? घरातला कचरा बाहीर टाकला अन् म्हणता दान केलं! देवानं घेतलंच नाई ते. तिथंच वाहून गेलं."

पुंडलिकरावांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग हळूच म्हणाले, "तू काय सोडलं होतं अवं?"

"संत्रं."

मागच्या वाडीत संत्र्याची पाच झाडं होती. दर बहाराला मालतीबाई टोपल्या भरून लेकीकडं धाडायची, शेजारी वाटायची, सोलून ह्यांच्या हातावर फोडी ठेवायची. तिनं स्वतः एक फोड तोंडात टाकलेली पुंडलिकरावांना आठवेना. त्यांनी आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

"बापा!" एवढंच ते म्हणाले.

शनिवारी दोघं जामसावळीला गेली. निजलेल्या मारोतीसमोर पुंडलिकराव हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मागची रांग कुरकुरली. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि कुणी जवळचं माणूस पोचवून यावं तशा आवाजात म्हणाले, "आलुबोंडा सोडला देवा. अन् गोड चहा. हे खरं हाय."

बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाले, "येलावरचं वापस घेतो म्हून बी सांगतलं त्याले."

"काय म्हणला?"

"काय म्हणीन? झोपला हाय तो."

त्या दिवसापासून ताटाचा अर्धा भाग हिरवा झाला. लवकीला त्यांनी "ओल्या कापसाची भाजी" असं नाव दिलं. कारल्याला तर शिव्याच दिल्या. पण खाल्लं. तिळाच्या कुटाचं दोडकं एकदा मागून घेतलं, आणि आवडलं हे मालतीबाईला कळू नये म्हणून वर म्हणाले, "उरलं तं वाया जाईन." रोज जेवण झालं की पाण्याच्या टाकीपर्यंत पायी चक्कर.

उन्हाळा लागता लागता पांढुर्ण्याला पुन्हा तपासणी झाली. कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "उतरली. चांगली उतरली. सुईचं आता काही नाही, हेच चालू ठेवा." हिमानीनं वाकून दोन्ही पाय तपासले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. "एकदम छान आहेत काका."

मालतीबाई कागद थैलीत ठेवून बाहेर आली. सौंसरवरून नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसली. बस गावाबाहेर पडली तशी तिची मान कलली आणि ह्यांच्या खांद्यावर टेकली.

जाग आली तेव्हा बस उभी होती आणि कंडक्टर लोधीखेडा, लोधीखेडा ओरडत होता. ती दचकून उठली. "अजी! सौंसर गेलं ना मागं! उठवलं काहून नाई?"

"घोरून राहिली होती तू."

"मंग?"

"मंग काय मंग? आज कितीक दिवसानं घोरली." पुंडलिकराव थैली उचलून खाली उतरले, पायरीवरून धपकन, दोन्ही पायांवर. मग वळून त्यांनी तिला हात दिला. "चाल. वापसीची बस येईस्तोवर त्या लिंबाखाली बसू. झोप पुरी करून घे."