तीन उकळ्या

आमच्या मोठ्या मामांना पाण्याची जेवढी धास्ती होती, तेवढी प्रत्यक्ष अग्नीलाही नसेल. तसा माणूस भित्रा नव्हता. पैनगंगेच्या पुरात बैल घालणारा, साप दिसला की बाकीच्यांना बाजूला सारून पुढे होणारा. पण कोणी पाण्याचा पेला पुढे केला, की मामा त्याच्याकडे असे बघत जणू फौजदारासमोर संशयित आणून उभा केला आहे. मी लहान असताना आमच्या भागात पटकीची मोठी साथ आली होती. तेव्हा जानेफळात दवंडी पिटली गेली, की पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, विहिरीत जंतू मारायची लाल दवा टाकू द्या. गावानं जिवाच्या भीतीनं सगळं ऐकलं. मग साथ ओसरली, काही पावसाळे गेले, महाराष्ट्र राज्य झालं, आणि गाव पुन्हा नाल्याला ओंजळ लावून पाणी प्यायला मोकळं झालं. एकटे मामा होते तिथंच राहिले. कोणी चेष्टा केली की म्हणत, "उकळून प्या, अशी दवंडी मी माह्या कानानं आयकली. आता उकळू नोका, अशी कोणी पिटली काय? पिटली असन तं सांग, आजच बंद करतो." एकदा गावच्या टवाळ पोरांनी कोतवालाला चहा पाजून खरंच तशी दवंडी पिटायला लावली. मामा ओट्यावर आले, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेहकरच्या तहसीलदाराले घेऊन ये. त्यायच्या तोंडून आयकतो." कोतवाल डफडं काखेत मारून जो गेला, तो महिनाभर त्या गल्लीत फिरकला नाही.

मामांच्या घरी पाण्याला तीन उकळ्या लागत. पहिली जंतूला जागं करायला, दुसरी मारायला आणि तिसरी खात्रीची, असा त्यांचा हिशेब होता. बाहेरगावी जाताना ते पाणी पितळेच्या, फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात भरून बरोबर निघे, आणि एस.टी.त शेजारच्याने घोटभर मागितलं तर मामा त्याला वरून धार धरून पाजत, भांड्याला ओठ लावू देत नसत. खामगावच्या बाजारात हलवायाच्या परातीसमोर उभं राहून, जिलबीवर बसलेल्या माशांकडे बोट दाखवून ते मोठ्यांदा विचारत, "काऊन बे, हे मनुके टाकायचे वेगळे पैसे घेतं काय?" गिऱ्हाईक हसत हसत पांगे. हलवाई हात जोडे आणि मामांना थेट कढईतून काढलेली जिलबी देऊन वाटेला लावी. मामांना हवं असे तेवढंच. आगीतून निघालेल्या वस्तूवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. म्हणूनच शेतात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण कोणाकडेही असो, मामा बोलावण्याची वाट न पाहता पहिल्या पंगतीला हजर असत. देवळातलं तीर्थ मात्र ते तळहातावर घेत, डोळ्यांना लावत आणि डोक्यावर शिंपडून मोकळे होत. पुजारीबुवा रागावले तर म्हणत, "देव माफ करते, महाराज. पटकी नाही करत." जत्रेत सरकारी डॉक्टर सुई टोचायला बसले की सारा गाव ज्वारीच्या धांड्यांतून पळत सुटे, आणि मामा बाही वर करून सर्वांच्या पुढे उभे. शेवटी डॉक्टरच म्हणायचे, "अहो, तुम्हाला गेल्याच जत्रेत दिली होती!" मामींना हे सगळं तोंडपाठ झालं होतं. त्या चुलीपुढे बसून फुंकणी बाजूला ठेवत आणि म्हणत, "यायच्या पोटात जंतू गेलाच तं तोच भेवून पयून जाईन."

हे सगळं हसण्यावारी चालून गेलं असतं, पण मामांची मुलगी सुमन लग्नाची झाली. स्थळं येत होती, पण मामा मुलाचं शिक्षण विचारायच्या आधी त्या घरी पाणी कुठलं पितात हे विचारत. नदीचं म्हटलं की स्थळ बाद. दोन स्थळं अशी वाहून गेल्यावर मामींच्या डोळ्यांना धार लागली. मग सोनाळ्याचं घर निघालं. मुलगा चांगला, घरात स्वतःची विहीर, माणसं खाऊनपिऊन सुखी. बोलणी करायला मामा निघाले आणि सोबत म्हणून मला घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. आपला भाचा चार शहाण्यांत बोलू शकतो, असा मामांचा एक गैरसमज होता. निघताना मामींनी मला बाजूला घेऊन बजावलं, "बाप्पा, हे तिथल्या पान्यात काही टाकतीन-बिकतीन तं हात धर. हे मोडलं तं पोरगी घरातच राहीन."

सोनाळ्याला आमचं आगतस्वागत झालं. चहा-पाणी आलं. आमच्याकडे मुलगी दिलेल्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत, असा रिवाज आहे. सोयरीक अजून जमायचीच होती, पण मामांनी तो रिवाज आधीच लागू करून टाकला आणि तांब्याची फिरकी सैल केली. मुलाच्या वडिलांना उलट कौतुकच वाटलं. जुन्या वळणाची माणसं दिसतात, असं ते कोणाला तरी म्हणालेही. मग मामा म्हणाले, "तुमची विहीर दाखवता काय?" वडील खूश झाले. बारमाही पाणी आहे, उन्हाळ्यातही मोट थांबत नाही, असं सांगत ते आम्हाला मागच्या परसात घेऊन गेले. मामा काठावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. पाहुणे झरे पाहत असतील, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि तिथंच घात झाला.

बैठकीत सुपारी फोडायचं बोलणं सुरू होतं, तेवढ्यात घरची सून घागर टाकून ओरडत आली. विहिरीचं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं होतं. बायका जमल्या. एक म्हणाली रगत आहे, दुसरी म्हणाली करणी आहे, आणि तिसरीनं भगताला बोलवायला माणूस पिटाळलाही. मुलाचे वडील उठून उभे राहिले. "पाव्हणे, राग मानू नोका," ते म्हणाले, "पन सोयरिकीच्या दिवशी असा अपशकुन! हे काही व्हायचं नाही." मला जानेफळची चूल आणि चुलीपुढच्या मामी दिसायला लागल्या.

मामा सावकाश उठले. "भगत बलावू नोका," ते म्हणाले. "लाल दवा हाय. मीच टाकली, खिशातल्या पुडीतली. हात जरा सैल सुटला."

"आमची विहीर तुमाले घान दिसली?" वडिलांचा आवाज चढला. "साथ नाही, रोग नाही, आन तुमी आमच्या घरी येऊन आमच्याच पान्यात दवा टाकता?"

मामांनी खाली बसून टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "मले एक लहान बहीण होती," ते म्हणाले. "बाप नव्हता, तं कन्यादान मीच केलं. पटकीच्या साली तिले भेटाले गेलो. उन्हाचा चालत गेलो होतो, घसा सुकला होता. तिनं पानी आनलं. मी म्हणलो, रिवाज हाय बाई, तुह्या घरचं मले चालत नाही. मंग ते पानी तिनंच पेलं, माह्यासमोर. मी वापस आलो. ती चौथ्या दिवशी गेली. रिवाजानं मले वाचवलं, भाऊ. तिले वाचवाले काहीच नव्हतं. आता पोरगी देऊन राह्यलो. मी तं इथं पानी पेनार नाही. तिले तेच प्या लागन."

त्या मावशीचं नाव आमच्या घरात कोणी काढत नसे. मी मान खाली घातली. मुलाचे वडील विहिरीच्या दिशेनं बघत चिडक्याच आवाजात म्हणाले, "मंग हे पानी आता प्यायचं का फेकायचं?"

"उद्या सकाळी प्या," मामा म्हणाले. "तीन उकळ्या देऊन."

आधी हसले ते मुलाचे वडीलच. सुपारी फुटली. लग्न झालं, आणि सोनाळ्यात त्या घराला 'लाल विहिरीवाले' हे नाव पडलं ते कायमचंच.

वर्षा-दीड वर्षानं सुमनला मुलगी झाली. बारशाला मामांबरोबर मीही गेलो, मामी घर राखायला मागे राहिल्या. फिरकीचा तांब्या होताच. आता रिवाज सुटला होता, आणि ते सगळ्या घराला माहीत होतं. सुमन पेला घेऊन आली आणि बापासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता विचारतील, किती उकळ्या. मामांनी पेल्यात पाहिलं नाही, चुलीकडे पाहिलं नाही, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते पाणी एका दमात पिऊन टाकलं. मग दुसरा पेला मागितला.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आठवले की मला सोनाळ्याची विहीर आठवत नाही, बारशाहून परत आल्यानंतरचं जानेफळचं घर आठवतं. मामींनी तांब्या धुवायला घेतला, फिरकी उघडली, तर आत पाणी गळ्यापर्यंत तसंच. "काऊन हो," त्या म्हणाल्या, "दोन दिवस तहान नाही लागली काय?"

"लागली होती," मामा म्हणाले. "पोरीच्या घरचं पेलो."

एवढं बोलून ते लाल दवेच्या पाण्यानं हात धुवायला मोरीत गेले. मामींना एरवी अशा वेळी काहीतरी टोमणा सुचायचाच. त्या दिवशी त्यांनी तांब्यातलं ते पाणी तुळशीला घातलं.