संत लुसियाच्या ताटलीतले लाडू

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता, आणि अजूनही नाही असं म्हणायची माझी तयारी आहे... फक्त कोणी फार उलटे प्रश्न विचारू नयेत. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते. पांढरी साडी, बंद खोली, पैंजणांचा आवाज. मला हसू येतं. पेणजवळ हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना आहे, घराला लागूनच. सीझनमध्ये पडवीत, माडीवर, जिन्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे बिनडोळ्यांचे गणपती बसलेले असतात. न्हाणीत जायचं तरी दोन रांगांमधून अंग चोरून जावं लागतं. अशा घरात सत्तावीस वर्षं नांदलेल्या बाईला कसलं भूत घाबरवणार?

माझं काम डोळ्यांचं. मूर्ती घडवतात हे, म्हणजे माझे मिस्टर. अंगाचा रंग, पितांबर, दागिने बाकीची मंडळी करतात. सगळं झालं की मूर्ती माझ्या पाटासमोर येते आणि मी डोळे काढते. याला आमच्याकडे आखणी म्हणतात. बुबुळ केसभर सरकलं तरी देव रागावलेला दिसतो, नाहीतर पेंगुळलेला. समोर कोणीही उभं राहिलं तरी त्याला वाटलं पाहिजे, हा माझ्याकडेच बघतोय. सासूबाईंनी मला हे सहा वर्षं शिकवलं आणि मग एके दिवशी न बोलता पाटावरून उठून जागा दिली. मला माहेरून आणलेल्या कशाहीपेक्षा तो पाट प्यारा आहे.

आणि आमच्यात एक नियम आहे. नजर कमी झाली की आखणीवरून उठायचं आणि उंदीर रंगवायला बसायचं. उंदराचा डोळा म्हणजे काय, काळा ठिपका. माझे चुलतसासरे दामूकाका एकेकाळी नावाजलेले आखणीवाले होते. गेली नऊ वर्षं ते उंदीर रंगवतात. "उंदीर बरे गो," असं ते म्हणतात, "तक्रार करीत नाय." म्हणतात हसून, पण माझ्या पाटाकडे बघत नाहीत.

तर मला यंदा ट्यूबलाइटभोवती गोल गोल कडी दिसायला लागली होती. मी तीन ट्यूबा बदलल्या. इलेक्ट्रिकवाल्याला शिव्या घातल्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र गेले नाही, कारण डॉक्टर काही बोलला असता तर माझे उंदीर ठरलेले होते.

गणपतीला दीड महिना उरला असताना रोह्याहून एक फादर आले. मी तेव्हा रंग आणायला पेणला गेले होते. तिथे वरसे गावाच्या बाजूला त्यांचं चर्च आहे, छपराची दुरुस्ती चालली होती, गळतीने आतल्या एका मूर्तीचा रंग गेला होता. गोधडीत गुंडाळलेली ती मूर्ती ह्यांच्या ताब्यात देऊन फादर परत गेले. मी आले तेव्हा ह्यांनी निरोप दिला.

"संत लुसिया हाय म्हणाले. होती तशी करा म्हणाले. आनी डोळ्यांचं मातर तीनतीनदा बोलले. डोळे नीट व्हायला पायजेत, सगळं म्हत्त्व डोळ्यांनाच हाय."

"मग? डोळे नीट नाही तर काय वाकडे काढते मी?" असं मी म्हटलं. मनातून मात्र चरकले.

लाकडाची अडीच फुटांची बाई. चेहरा इतका गोड की मी बघतच राहिले. एका हातात झाडाची फांदी आणि दुसऱ्या हातात ताटली. ताटलीत दोन गोल गोळे. रंग पार उडालेला, नुसतं लाकूड.

आता हे गोळे कसले, यावर आमच्याकडे सभा भरली. हे म्हणाले, अंडी असतील, ते लोक खातात. दामूकाका म्हणाले, देवाच्या हातात कोण अंडी देतो, लिंबं असतील. माझी सून प्राची म्हणाली, "आई, ताटलीत आहेत म्हणजे नैवेद्य. लाडूच असणार."

फादरना फोन करायचा एवढं साधं कोणाच्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं आम्ही देवांच्या हातात गोल काही दिसलं की लाडू किंवा मोदकच रंगवलाय, तिसरं काही असतं हेच आम्हाला माहीत नाही. मी चेहऱ्यावरचे दोन डोळे जीव ओतून काढले. मग ताटलीतले दोन मोतीचुराचे लाडू केले. एकेक कळी वेगळी, वर पिस्त्याचा हिरवा ठिपका, तुपाची चमक यावी म्हणून वॉर्निशचा हात. इतके झकास झाले की प्राची म्हणाली, उचलून खावेसे वाटतात. मूर्ती सुकायला खिडकीशेजारच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी चौदा गणपतींची आखणी केली. दुपारी जेवून परत आलो तर प्राची दारातच थबकली.

"आई... हे सगळे तिकडे काय बघतायत?"

चौदाच्या चौदा गणपतींची नजर डावीकडे. मी पहिल्याचे डोळे पुसले आणि परत काढले. सरळ काढले. मान वर केली तर तो डावीकडे. मी कंपास आणला. बुबुळ मोजलं, इकडून मोजलं, तिकडून मोजलं, बरोब्बर मध्यावर! आणि देव बघतोय डावीकडे. ह्यांनी एक गणपती उचलून उलट्या दिशेला तोंड करून ठेवला. तो आता उजवीकडे बघायला लागला. म्हणजे पुन्हा तिकडेच, खिडकीकडे. फळीकडे.

मग हे गंभीरपणे म्हणाले, "त्यांचं काय चुकलं? समोर लाडू ठेवल्यावर ते दुसरीकडं बघतील व्हय?"

सगळे हसले. मी नाही हसले. मला वाटलं, संपलं. माझी नजर गेली. सरळ काढतेय असं मला वाटतंय आणि हात वाकडा चाललाय, आणि ही माणसं माझं मन राखायला हसतायत. पुढचे तीन दिवस मी जे डोळे काढले ते सगळे लाडवांकडे. चौथ्या दिवशी दामूकाकांनी स्वतःच्या शेजारी एक पाट मांडला आणि त्यावर एक बारका ब्रश ठेवला. त्यांनी प्रेमानेच केलं ते. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

ह्यांना कळलं. म्हणाले, "चल, ती मूर्ती देऊन येऊ. जरा वारा लागंल तुला." मूर्ती गोधडीत गुंडाळून व्हॅनमध्ये मागे आडवी ठेवली आणि आम्ही निघालो. सवयीने मी माझा ब्रशचा डबा मांडीवर घेतला होता.

वाटेत गडब गावाजवळ गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा प्राचीचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "आई, गणपतींनी नजर फिरवली."

"सरळ झाले?" माझा जीव भांड्यात पडायला लागला.

"नाही हो. आता खिडकीकडे नाही बघत. सगळे दाराकडे बघतायत. हायवेच्या बाजूला."

ह्यांनी वळून मागे आडव्या ठेवलेल्या मूर्तीकडे बघितलं. मग खिडकीची काच वर केली. का केली, ते त्यांनाही सांगता येत नाही.

चर्च लहानसंच, पण मी मूर्तिकाराच्या घरातली असल्याने बघताना हरखले. समोरची भिंत वर निमुळती होत गेलेली, टोकाला क्रूस. आत शिरताच दगडी कुंडात पाणी. फादर कौतुकाने दाखवत होते. वर बघा म्हणाले, छपराची लाकडं उलट्या होडीसारखी आहेत ना? हे सगळं चर्च म्हणजे एक नाव, आणि आपण आत बसलेली माणसं. मग म्हणाले, तुम्ही आता उभ्या आहात तिथे दोन्ही बाजूंच्या खोल्या येऊन मिळतात, म्हणजे वरून बघितलं तर इमारत क्रूसाच्या आकाराची आहे. बाजूला प्रवचनाचा लाकडी चौथरा होता. त्यावर चार बाजूंना चार कोरीव चित्रं. सिंह, बैल, गरुड आणि एक माणूस. चौघांनाही पंख.

इथे मला वाटलं, आपल्यालाही काही कळतं. "सिंह देवीचा, बैल शंकराचा, गरुड विष्णूचा," मी म्हटलं. "पण फादर, हा माणूस कोणाचं वाहन?"

फादर हसले. "वाहनं नाहीत ताई. येशूची कथा चौघांनी लिहिली. ही एकेकाची खूण आहे."

"म्हंजे निवडणुकीत चिन्ह असतं तसं," हे म्हणाले.

"तसंच समजा. चर्चमध्ये कुठलीच वस्तू उगीच नसते. प्रत्येकीला अर्थ असतो."

हे ऐकलं आणि मला ती ताटली आठवली. होडीला अर्थ, पाण्याला अर्थ, बैलाला अर्थ. मी हळूच विचारलं, "फादर... तुमच्यात लाडू कशाची खूण असते हो?"

"लाडू?"

ह्यांनी गोधडी सोडली.

फादर बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. छपरावर काम करणारे दोन गवंडी शिडीवरून वाकून बघायला लागले. मग फादर अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून जपून म्हणाले, "ताई, हे तिचे डोळे आहेत."

तिची कथा अशी. तिने आपला देव सोडायला नकार दिला म्हणून तिचे डोळे उपटून काढले. देवाने तिला नवे दिले. म्हणून दोन चेहऱ्यावर आणि दोन ताटलीत. हातातली फांदी देवासाठी जीव दिला त्याची खूण. ज्यांच्या डोळ्यांना त्रास आहे ते तिच्यापुढे येऊन उभे राहतात.

आणि मी, जन्मभर मूर्तींचे डोळे काढून पोट भरणारी बाई, मी तिच्या डोळ्यांचे लाडू केले होते. वर पिस्ता लावून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हात जोडून माफी मागायला लागले तर फादर तोंडावर रुमाल धरून उभे. आधी मला वाटलं, रडतायत. खांदे हलत होते. मग त्यांच्याने राहवेना. ते हसले, गवंडी हसले, हेही हसले, त्या होडीसारख्या छपराखाली सगळं घुमायला लागलं.

"डबा आणलाय ना तुम्ही?" फादर शेवटी डोळे पुसत म्हणाले. "मग करा की आता डोळे."

"मला नाही जमणार. माझी नजर गेलीय." पहिल्यांदाच मी हे तोंडाने बोलले. ह्यांच्यासमोर.

फादरनी समजूत वगैरे घातली नाही. त्यांनी फक्त मूर्ती उंच खिडकीखाली आणून ठेवली, उजेडात.

लाडू खरवडले. आता खरी अडचण. चेहऱ्यावर डोळे काढायचे तर नाक असतं, भुवया असतात, त्यावरून नजर ठरते. ताटलीत नुसते दोन डोळे. ते बघणार कुठे? मी फादरना विचारलं. ते म्हणाले, "जो समोर येईल त्याच्याकडे."

मला सासूबाईंनी सांगितलं होतं तेच हे. मी श्वास रोखला आणि काढायला लागले. त्या वेळी मला ब्रशचा एकेक केस दिसत होता. बाईच्या ताटलीची कड, लाकडाची रेघ, सगळं लख्ख. कडी नाहीत, धुकं नाही. मला वाटलं, उजेड चांगला आहे.

काम संपवून फोन बघितला तर प्राचीचे तीन मिस्ड कॉल आणि एक व्हिडिओ. सगळे गणपती सरळ समोर बघत होते. मी न पुसलेले, पुन्हा न काढलेले, तेच डोळे. तो व्हिडिओ तुम्हाला इथे टाकला असता, पण फोन भरला म्हणून ह्यांनी उडवला. सकाळच्या शुभेच्छांचे फोटो सगळे आहेत, तोच गेला.

उरलेली सगळी आखणी मीच केली. दीडशेच्या वर मूर्ती. मुंबईचे व्यापारी म्हणाले, वहिनी, यंदा डोळे वेगळेच झालेत, नजर हटत नाही. दामूकाकांनी तो पाट उचलला आणि प्रथमच माझ्यामागे येऊन उभे राहून माझं काम बघितलं.

अनंत चतुर्दशी झाली आणि मी बिनधास्त पेणला डॉक्टरकडे गेले, चष्म्याचा नंबर बदलायला. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली. पुन्हा मारली. "मावशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आणि आजचा नाही, चांगला वर्षभराचा. बारीक काम कधी सोडलंत?"

मी म्हटलं, सोडलं नाही. त्यांना खोटं वाटलं. मी फोनमधला एका गणपतीचा फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बघितला. डोळे कोणी काढले विचारलं. मी म्हटलं, मी, ऑगस्टमध्ये. ते म्हणाले, "या डोळ्यांनी हे होणार नाही." मी म्हटलं, पण झालं.

कोणाकडे याचा खुलासा असेल तर जरूर लिहा, मला खरंच हवाय. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. घरात सगळे खूश आहेत, आता तुला स्वच्छ दिसेल म्हणतात. मी हो हो म्हणते. पण खरं सांगू? मला भीती वाटतेय ती त्याचीच. यंदाच्यासारखे डोळे मला चांगलं दिसत होतं तेव्हा एकदाही जमले नव्हते.