विहिरीत तात्या, टाकीत हळद

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची वर्कशॉपची तुकडी पश्चिम सीमेवर होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. हाताखाली सहा जण. त्यातला लान्सनायक दत्तू करमाळ्याकडचा आणि मी बार्शीचा. फौजेत जिल्हावाला भेटला म्हणजे घरचा माणूस भेटला. दत्तू मला ‘उस्ताद’ म्हणायचा आणि माझ्याच डब्यातल्या शेंगाचटणीवर माझ्याआधी हात मारायचा. लढाई संपायला थोडे दिवस उरले असताना तो गेला. घरी युनिटचं पत्र गेलं, ‘कर्तव्य बजावताना वीरगती.’ पत्रात तेवढंच मावतं.

बाकीचं मी जाऊन सांगायचं होतं. गेलो नाही. दोनदा रजेवर आलो आणि दोन्हीदा बार्शीच्या स्टँडवर करमाळ्याची एसटी डोळ्यांदेखत सोडली. दत्तूच्या बापाच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होत नव्हती, खरं ते सांगतो. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये पेन्शन घेऊन घरी आलो, तेव्हा बायको म्हणाली, ‘‘आता कुठली ड्यूटी आडवी येतीय?’’ दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडली.

फाट्यावर उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. वस्ती तिथून मैलभर. दत्तूच्या आईला, काशीबाईंना, मी नाव सांगितलं. त्यांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

‘‘तात्या हिरीवर हाईत. आनखी पाच फूट खोल न्यायची म्हणत्यात. धाकटा गेल्यापासनं गप बसवत न्हाय त्यास्नी.’’

तात्या म्हणजे दत्तूचे वडील. विहीर घरामागेच होती. तिथे थोरला मुलगा नामदेव ट्रॅक्टरवर पंप चालवत होता. ट्रॅक्टरच्या पुलीवरून पट्टा पंपाला लावलेला. पंप झऱ्याचं पाणी बाहेर फेकायचा, तेव्हा कुठे खाली गड्यांना खणता यायचं. ट्रॅक्टर बंद पडला की पाणी चढलंच.

चहाची बशी हातात असतानाच मला इंजिनाचा आवाज खटकला. मध्येच जोर धरायचं, मध्येच बसायचं. डिझेल पोचत नव्हतं. सांगायला म्हणून उठलो, तेवढ्यात विहिरीतून कालवा उठला. कडेचा धोंडा सुटून खाली आला होता.

मी काठावर पोचलो. बावीस फूट खाली तात्या बसल्यासारखे अडकलेले, डावा पाय गुडघ्यापर्यंत धोंड्याखाली. दोन गडी पहार लावत होते. पाणी घोटाभर. दगड उपसायच्या यारीचा दोर धोंड्याला बांधून तो वर ओढता आला असता, पण दोर घालायची फट पाण्याखाली होती आणि गढूळ पाण्यात ती दिसत नव्हती. पंप आणखी थोडा वेळ चालला असता तर दिसली असती. तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. घड्याळात नऊ चाळीस.

नामदेवनं स्टार्टरचा सेल मारला. परत मारला. तिसऱ्यांदा सेल नुसता कण्हला.

‘‘हात काढ!’’ मी ओरडलो. ‘‘बॅटरी उतरवलीस तर बापाला कशानं काढशील?’’

‘‘तुमी कोण?’’

‘‘दत्तूचा हवालदार. उतर खाली.’’

उतरला.

‘‘पंप बंद असला तर पाणी किती चढतं?’’

‘‘अर्ध्या तासात उभ्या मानसाच्या कंबरंला.’’

तात्या बसलेले होते. म्हणजे अर्धा तासही नव्हता.

फिल्टरची वाटी उघडली. आत पिवळा चिखल. आयुष्यात शेकड्यांनी फिल्टर उघडले. वाळू बघितली, गंज बघितला, पाणी बघितलं. पिवळा चिखल पहिल्यांदाच.

‘‘टाकीत काय घातलंय?’’

काशीबाई धावत आल्या होत्या. ‘‘हळदकुंकू. परवा काम सुरू केलं तवा मीच घातलं. मूठभर. अन् अक्षता. आत पोटात पडू दे म्हनलं, म्हंजी दगा देनार न्हाय.’’

लोक पूजेला बॉनेटवर बोटं उमटवतात आणि मोकळे होतात. या बाईचा एक लेक गेलेला. बॉनेटवरच्या बोटावर तिचा भरवसा नव्हता. मला संताप आला आणि त्याच दमात रडूही आलं. दोन्हीला सवड नव्हती.

‘‘टाकी बाद. चांगलं डिझेल आहे?’’

‘‘डबा हाय. गाळून ठिवल्याला,’’ नामदेव म्हणाला.

‘‘नवा फिल्टर?’’

‘‘येकच.’’

‘‘तो आण. रबरी नळी आण. आणि डबा इंजिनापेक्षा उंच धरायला माणूस दे.’’

गडी सगळे खाली. काशीबाईंनी पदर खोचला, फडक्याची चुंबळ डोक्यावर ठेवली. ‘‘हिकडं आना. जल्मभर पानी वाहिलंय. थेंब सांडायची न्हाय.’’ आणि त्या चाकावरून मडगार्डवर चढून डोक्यावर डबा घेऊन उभ्या राहिल्या. डब्यातून नळी थेट फिल्टरला जोडली. फौजेत असली फ्युएल टँक मी कधी पाहिली नव्हती.

पहिला फिल्टर जाड कचरा धरतो, तो डिझेलात धुऊन परत बसवला. नवा दुसऱ्या जागी, बारीक गाळणीला. वाट्या पुसल्या, भरल्या, आवळल्या. नऊ बावन्न.

आता हवा. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला की इंजिन पेटत नाही. पेटलंच तर दोन मिनिटांनी परत मरतं. आणि आमच्याकडे सेलचा एकच दम उरला होता. मी पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला. नामदेव इंजिनावरच्या डिझेलच्या हातपंपाचा दांडा मारू लागला. स्क्रूच्या तोंडाशी फेस आला.

‘‘आलं की डिझेल! आवळा!’’

‘‘फेस आहे. मार.’’

‘‘अवो, तात्या...’’

‘‘फेस आहे म्हटलं ना. मार!’’

खालून गडी ओरडला, ‘‘कमरंवर आलं!’’

फेस संपून सरळ धार लागली, तेव्हा आवळलं. मग दुसरा फिल्टर. परत फेस, परत दांडा, परत धार. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू. खालून आवाज आला, ‘‘छातीला लागलं!’’ नामदेवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दांडा थांबला नाही. शाबास त्याची.

शेवटी इंजेक्टरच्या नळ्या. पट्टा उतरवला, नट ढिले केले. नामदेवनं पुढून हँडल घालून इंजिन हातानं फिरवलं. हातानं ते पेटण्याइतकं जोरात फिरत नाही, पण हवा निघते. चारही नळ्यांतून हवा थुंकली गेली, डिझेल उडालं. आवळलं, पट्टा चढवला.

‘‘खाली काय?’’

उत्तर आलं तात्यांचंच. ‘‘गळ्याला हाय. करा तुमचं बेतानं.’’

बेतानं! त्या माणसाला मी तिथेच मनात सॅल्यूट ठोकला.

सेल मारला. इंजिन अर्धा फेरा फिरलं, अडलं, आणि धडाडलं. दहा वाजून सहा मिनिटं. नशीब, पंपातलं पाणी गळून गेलं नव्हतं, नाहीतर तो आधी वरून भरावा लागला असता. पाइपातून पहिली पिचकारी शेतात पडली. काशीबाई हलल्या नाहीत. डबा डोक्यावर घेऊन त्या पुढची चाळीस मिनिटं इंजिनाला पाजत उभ्या राहिल्या. पाणी उतरलं, फट दिसली, यारीचा दोर बसला, धोंडा उचलला गेला. दहा अठ्ठेचाळीसला तात्या वर आले. पाय मोडला होता. बाकी माणूस शाबूत होता.

नामदेव सायकलवर गावातली जीप आणायला पळाला. तात्यांना लिंबाखाली बाजेवर निजवलं, पायाला काठ्या बांधल्या. ते माझ्याकडे बघत म्हणाले, ‘‘हवालदार, माझा दत्तू कसा गेला?’’

जे सव्वादोन वर्षं चुकवलं, ते समोर आलं. मी सांगितलं.

उघड्या माळावर आमची एक थ्री-टनर गाडी बंद पडली होती. आत सात जखमी. तोफखाना त्याच पट्ट्यावर मारा करत होता. दत्तू गाडीपाशी गेला, मी वायरलेसवर मागे. मी म्हणालो, गाडी सोड, मागे ये. तो म्हणाला, ‘‘लाइनमध्ये हवा आहे, काढतोय. पाच मिनिटं.’’ मी परत म्हणालो, मागे ये, ऑर्डर आहे. तो म्हणाला, ‘‘पाच मिनिटं, उस्ताद.’’ गाडी चालू झाली, जखमींना घेऊन निघून गेली. तो गाडीबरोबर गेला नाही. वाळूत पसरलेले पाने-पक्कड गोळा करायला थांबला. तेव्हा गोळा पडला.

‘‘हत्यार मागे टाकून यायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं, तात्या. मार देऊन शिकवलं होतं. म्हणून आलो नाही इतके दिवस.’’

तात्या कोपरावर टेकून अर्धे उठले.

‘‘ते सात जण?’’

‘‘सातही वाचले.’’

‘‘इंजान बंद पडलं तवा मी खाली काय केलं, ठावं हाय? काय न्हाय. नुसता कान लावून बसलो. वर कोन हाय, काय करतंय, काय बी दिसंना. पानी चढतंय अन् मी कान लावून.’’ त्यांनी डोळे पुसले. ‘‘त्या गाडीतल्या पोरांनी बी असाच कान लावला आसंल.’’

काशीबाई विहिरीकडून येत होत्या. डबा उतरवला होता, पण चुंबळ अजून डोक्यावर होती. तात्यांनी बाजेवर त्यांच्यासाठी जागा केली.

‘‘ये, बस हितं. हवालदार, पयल्यापासनं सांगा परत. आपला दत्तू कसा गेला ते न्हाय गं, त्या पोरांसाठी कसा आला, ते ऐक.’’