खांबापाशी क्षणभर : उरवड्याच्या मुलाणी सरांकडे

मुळशीला जाणारी माणसं धरणावर जातात. आम्ही उरवड्याला गेलो, तेही एका ओळीसाठी. पाणी, कणीस आणि कठड्यावर बसून काढायचे फोटो यांच्या शोधात तुम्ही इथे आला असाल, तर या पोस्टमध्ये त्यातलं काही नाही. मिसळ आहे, म्हशी आहेत आणि खो-खो भरपूर आहे.

खो-खो माझ्या भाचीचा. मुक्ता चौदा वर्षांची आहे आणि जागेपणी या एकाच विषयावर बोलते. झोपेतही बोलते असं तिची आई म्हणते. दोन वर्षांपूर्वी मात्र तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. वर्गात सगळ्यांत बुटकी, धावायला मध्यम, त्यामुळे संघात कुणी घेईना. त्याच सुमारास रद्दीच्या दुकानात मला ‘खांब ते खांब’ नावाचं शंभर पानांचं पुस्तक मिळालं. लेखक दिलावर मुलाणी, निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक. मी ते तिला दिलं आणि विसरून गेले. तिने ते पाठ केलं.

पुस्तक सगळं शिस्तीतलं आहे. पळावे, वळावे, श्वास राखावा. पण एक्केचाळिसाव्या पानावर, ओळीच्या शेवटी, अचानक हे येतं : ‘खांबापाशी क्षणभर थांबून ये.’

“मावशी, बाकी पुस्तक सगळ्यांसाठी आहे,” मुक्ता म्हणाली होती. “इथे ते माझ्याशी बोलतात.”

ज्यांनी शाळेनंतर खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात. पळणारी खेळाडू खांबाला वळसा घालायला जाते आणि पाठलाग करणारी तिला गाठायला खांबावर सूर मारते. मुक्ता खांबापाशी एक क्षण थांबते. मागची मुलगी सवयीने सूर मारून मोकळी होते, हाती धूळ येते, आणि ही तिच्या मागून निघून जाते. दिसायला छान. पण शाळेच्या गायकवाड सरांना ते अजिबात पटत नाही. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं : शनिवारी आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ निवडणार आहे, तोवर थांबायची खोड सोड, नाहीतर बाहेर बस.

मुक्ताने उपाय शोधला. लेखकाकडून चिठ्ठी आणायची. ‘थांबणे बरोबर आहे’, खाली सही.

मी तीस वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली आहेत. माणूस शोधायचा आणि तोही संध्याकाळच्या आत, याची सवय आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापखान्याचं नाव होतं, छापखान्यात आता फ्लेक्स छापणारा मालकाचा मुलगा होता, आणि त्याच्याकडे नंबर होता.

“कोण? पुस्तक? कंचं पुस्तक?” फोनवर आवाज आला. मी नाव सांगितलं. पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज. मग, “वाचलं कुणी?”

रविवारी या म्हणाले. सकाळी या, दुपारी मी झोपतुया.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. कोथरूडहून पिरंगुटला जाणारी शहर बस आम्ही सातच्या आत पकडली, आणि तुम्हीही तेच करा. आठनंतर धरणाला निघालेल्या गाड्या भूगावात अडकतात आणि मग सगळ्यांनाच भूगाव नीट बघून होतं. तिकीट किरकोळ आहे.

“कुटं, धरण?” कंडक्टरने विचारलं.

“उरवड्याला जायचंय. पिरंगुटची दोन द्या.”

“कंच्या कंपनीत?”

“कंपनी नाही. लेखक आहेत तिथे.”

“लेखक,” त्याने मान डोलवली. “नवीन आलेली दिसतीया.”

पिरंगुटच्या चौकात उतरून आधी खाऊन घ्या. पुढे उरवड्यात खायला मिळेल याची खात्री नाही. आम्ही एका टपरीवजा हॉटेलात मिसळ घेतली, नव्वद रुपये, पाव हवे तितके. शेजारच्या टेबलावर रात्रपाळी संपवून आलेले दोघे कामगार हिंदीत सुपरवायझरची लायकी काढत होते आणि मध्येच मराठीत तर्री मागत होते. मुक्ताने रस्सा घेतला नाही. धावण्याआधी तिखट खाऊ नये, पान सत्तावीस.

“आज कुठे धावायचंय तुला?”

“सर म्हणाले तर?”

उरवड्याला शेअर रिक्षा मिळते. माणशी वीस रुपये, सहा जण होईपर्यंत ती हलत नाही आणि सहाव्यानंतर आणखी दोघे बसतात. रस्त्याच्या एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला कापून झालेली भातखाचरं. मी चालकाला मुलाणी सरांचं घर विचारलं.

“म्हशीवाले मुलाणी?”

“पुस्तक लिहिणारे.”

“सर लिवत्यात व्हय?” त्याने रिक्षा जवळजवळ थांबवलीच. “आमाला कधी बोलले न्हाईत. दूध मातुर चोख घालत्यात.”

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या कल्पनेत सरांच्या अंगणात किमान एक खांब तरी असणार होता. अंगणात तीन म्हशी होत्या, आणि त्यातल्या मधल्या म्हशीला पाणी पाजत सत्तरीचे, सडपातळ, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेले मुलाणी सर.

“आल्या का? बसा, बसा. रशीदा, ती पुस्तकवाली पोर आली गं!”

रशीदाभाभी चहा घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी मुक्ताला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. “येवढी लहान? मला वाटलं कुणी प्रोफेसर येतुया. ह्यांनी सकाळपासनं दोनदा दाढी केली.”

“एकदा,” सर म्हणाले.

मुक्ताने पुस्तक काढलं. त्याला जिल्द होती, खुणेच्या चिठ्ठ्या होत्या, समासात पेन्सिल होती. सरांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि बराच वेळ उघडलंच नाही. मग त्यांनी सांगितलं की पाचशे प्रती छापल्या, त्यातल्या तीनशे अजून पलंगाखाली आहेत.

“साडेतीनशे,” भाभी आतून म्हणाल्या. “झाडते मी.”

आता मुक्ताने मुद्दा मांडला. गायकवाड सर, शनिवार, चिठ्ठी. आणि एक्केचाळिसावं पान न उघडताच ओळ म्हणून दाखवली : “खांबापाशी क्षणभर थांबून ये.”

सरांचा कप तोंडाजवळ थांबला.

“असं मी कशाला लिवीन?”

“तुम्हीच लिहिलंय सर.”

“खांबापाशी थांबला त्यो मेला. तीस वर्षं पोरांना हेच वरडून सांगितलं.” त्यांनी चष्मा लावला, पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. मग आत गेले आणि लोखंडी पेटी ओढत बाहेर आले. पेटीत हस्तलिखित होतं.

ते पाहताक्षणी माझ्यातल्या डेस्कवालीला सगळं कळलं. सरांचं अक्षर सुरेख होतं, पण ते शिरोरेघ देत होते ती डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत, एका दमात. शब्द तुटतच नव्हते. सगळी अक्षरं एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखी. एक्केचाळिसाव्या पानाच्या जागी लिहिलेलं होतं : खांबापाशीक्षणभरथांबूनये.

“थांबू,” सर म्हणाले. मग श्वास घेऊन, “नये.”

छापखान्यातल्या कुणीतरी दोरी चुकीच्या जागी कापली होती. माझ्या जमातीतलंच कुणीतरी. मी चहाच्या कपात पाहू लागले.

“चाळीस वर्षं सांगतीया, रेघ तोडा म्हणून,” भाभी म्हणाल्या. “वाणसामानाची यादी बी अशीच. चहापावकिलोसाखर. दुकानदारानं पाव किलो चहा दिला आन् विचारलं, साखर किती? खायचा पाव ऱ्हायलाच.”

मी हसले. सर हसले. मुक्ता हसली नाही.

“म्हणजे तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता,” ती म्हणाली.

सरांनी खिशातून लाल पेन काढलं, चूक तर दुरुस्त करायला हवी ना. पेन कागदाला टेकणार तेवढ्यात मुक्ताने पुस्तक ओढून घेतलं. “नको.” मग तिचं तिलाच उद्धट वाटलं असावं. “नको ना सर. राहू दे.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग उठून पायात चपला सरकवल्या. “चल. पळून दाव.”

शाळेचं मैदान पाच मिनिटांवर आहे. रविवारी सकाळी तिथे गावातल्या मुली खेळतात आणि सर त्यांना शिकवतात, बिनपगारी. पुस्तकातलेच दोन खांब इथे खरे होते. मुक्ताला पळतीला घातलं. पाठलागावर साक्षी नावाची उंच मुलगी.

पहिल्या खेपेला मुक्ता हट्टाने कुठेही थांबली नाही. पुस्तकात खरोखर होतं तशी पळाली, आणि अर्ध्या मिनिटात बाद झाली.

“पुण्याच्या पोरी लवकर घरी जात्यात,” साक्षी म्हणाली. बसलेल्या आठही जणी खिदळल्या.

“परत,” सर म्हणाले. “आता तुज्या पुस्तकातलं.”

मुक्ता खांबापाशी थांबली. साक्षीने सूर मारला आणि पोटावर घसरत सीमारेषेबाहेर गेली. उठली, तोंडातली माती थुंकली. “ए, पळ की! फोटू काढायलीस का?” पुढच्या खांबाला पुन्हा तेच, पुन्हा धूळ. आता हसायची पाळी माझी होती, पण आजूबाजूचा अंदाज घेऊन मी ती पुढे ढकलली. तिसऱ्यांदा मुक्ता थांबली तेव्हा साक्षीने सूर मारलाच नाही. तीही थांबली. मग दोन पावलं चालत आली आणि मुक्ताच्या पाठीवर थाप मारली.

“थांब की अजून.”

सरांनी मुक्ताला बोलावलं. मी ऐकायला जवळ सरकले. जन्माची सवय.

“मी लिवलंय ते बराबर हाय. दमलेलं पोर खांबापाशी थांबतं, म्हणून थांबू नये. पण तू थांबतीस तवा तुजी टाच वरच असती. डोळं मागं असत्यात. त्ये थांबणं न्हवं, त्ये बघणं हाय. मला त्ये सुचलं न्हवतं.” त्यांनी बोट वर केलं. “पण दोनदाच. तिसऱ्यांदा समोरची पोर शिकलेली असती.”

“मग हे चिठ्ठीत लिहून द्या ना.”

“चिठ्ठी न्हाई देनार.”

“का?”

“मी मास्तर हुतो. बाहेरच्याची चिठ्ठी घेऊन पोर आलं, की मी त्याला मैदानाला धा फेऱ्या मारायला लावायचो. तूच सांग तुज्या सरांना. खरं काय त्ये सांग, छापलेलं चुकलंय त्ये बी.”

परतीची रिक्षा दुपारी मिळायला वेळ लागतो, अर्धा तास धरून चाला. भाभींनी दोन लिटर दूध दिलं. पिरंगुटपर्यंत ते माझ्या मांडीवर हिंदकळत होतं आणि मुक्ता एक्केचाळिसाव्या पानात बोट घालून बसली होती. धरण राहून गेलं. तिथून तासभर लांब, आणि आमच्यातल्या कुणालाच त्याची आठवण झाली नाही.

सोमवारी तिने गायकवाड सरांना सगळं सांगितलं. ते इतके खूश झाले की पुस्तक वाचायला मागून घेतलं. पण ती पुढे म्हणाली, “सर, मला दोनदाच थांबू द्या.” ते म्हणाले, शनिवारी बघू.

शनिवारी सकाळी मी मुक्ताच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला पालकांत उभी होते. शेजारी येऊन कोण उभं राहिलं ते आधी वासावरून कळलं. म्हशींचा वास. इस्त्रीचा सदरा, हातात डबा, मुलाणी सर. पहिली बस धरून आले होते. मी ओळख करून द्यायला निघाले तर त्यांनी दंड धरून मला मागे ओढलं.

मुक्ता पळतीला उतरली. पहिल्या खांबापाशी थांबली, मागची मुलगी धुळीत. गायकवाड सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा थांबली, आणखी एक धुळीत. मग चांगली तीन-चार मिनिटं ती नुसती पळत होती, आणि आमच्या बाजूच्या खांबाकडे आली तेव्हा माझ्या कानाशी कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं :

“थांऽऽब!”

मुक्ता थांबली आणि बाद झाली.

गायकवाड सर तरातरा आमच्याकडे आले. “अहो काका, मुलींना भलतं काही सांगू नका. खो-खोवर कधी काही वाचलंय का? खुद्द मुलाणी सरांनी लिहून ठेवलंय, थांबू नये!”

“आसंल,” मुलाणी सर नम्रपणे म्हणाले. “पुस्तकात लई काय काय लिवत्यात.”

दुपारी यादी लागली. मुक्ताचं नाव शेवटून दुसरं, राखीव खेळाडूंत. गायकवाड सर तिला म्हणाले म्हणे, दोनदा थांबलीस तेव्हा मी गप्प होतो ना? तिसऱ्यांदा कशाला मेलीस? ती मुकाट्याने घरी आली. राखीव का असेना, ती संघात होती, आणि यापुढे दोनदा थांबायची मुभाही. तरी जेवताना ती धुमसत होती.

संध्याकाळी माझा फोन वाजला. उरवड्याहून. मी तो सरळ तिच्या हातात दिला.

“सर, तुम्हीच म्हणालात ना, दोनदाच? आणि तुम्हीच ओरडलात!”

पलीकडून हंबरण्याचा आवाज आला, मग सरांचा. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

“व्हय पोरी. राहवलं न्हाई. ही चूक माजीच, छापखान्याची न्हाई.”