काकूंची काळी छत्री

निवृत्तीनंतर फिटरकाकांनी मागच्या पडवीत लोहारकामाचा संसार मांडला. भट्टी झाली, भाता आला, जाड ओंडक्यावर ऐरण बसली. धुराने त्यांचा दमा उसळेल म्हणून काकूंनी भिंतीत मोठी खिडकी पाडून घेतली आणि बजावलं, "ही बंद दिसली, की ऐरण भंगारात!"

पण खिडकीतून येणाऱ्या उन्हात तापल्या लोखंडाचा रंग कळेना, मग ते किती तापलं याचा अंदाज येईना. पहिली सळई ठिणग्या उडवत जळाली, दुसरीचीही तीच गत. काका हिरमुसून भट्टी विझवू लागले.

काकूंनी आपली काळी छत्री उघडून खिडकीबाहेर बांधली. "वारा येऊ दे, ऊन नको."

काकांनी पुन्हा भाता चालवला. सावलीत तिसरी सळई नारिंगी फुललेली दिसली.

"हाणा आता! बघत काय बसलात?" काकू म्हणाल्या.