मोत्यांचं उद्घाटन

काल चंद्रपुरात एका उद्घाटनाच्या मंडपात झेंडूच्या हारांचा वास आला आणि मला मुलचेऱ्याजवळचं दादाचं शेततळं आठवलं. दादानं त्यात मोत्यांसाठी शिंपले लावले होते. प्रत्येकाच्या पोटात मणी घालून, जाळीच्या पिशव्यांत भरून पाण्यात टांगलेले. मोती धरायला वर्ष तरी लागणार होतं. पण उद्घाटनाला काहीतरी दिसायला हवं, म्हणून सगळ्या पिशव्या बाहेर काढल्या, शिंपले परातींत मांडले, हळदकुंकू वाहिलं, भोवती हार ठेवले. पाहुण्या साहेबांचा पत्ता नव्हता. ऊन चढत गेलं.

"अवो, पान्यात सोडा नं त्याईले," वहिनी म्हणाली.

"साहेब निंगाले म्हनते. रिकाम्या पराती दाखवू का त्याईले?" दादा म्हणाला.

साहेब दुपारी आले. तोवर शिंपले एकेक करून तोंड उघडू लागले होते. आपल्या स्वागतासाठीच ते उघडले, असं साहेब भाषणात म्हणाले आणि टाळ्या झाल्या. मेलेला शिंपला मिटत नाही, हे टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक होतं. झेंडूखालून कुजका वास येत होता. दादा गळ्यात हार घालून हसत उभा होता. त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ते हसू नव्हतंच. चेहरा नुसता तसाच राहून गेला होता.

गाड्या गेल्यावर त्यानं सगळे शिंपले पुन्हा पिशव्यांत भरले आणि पाण्यात टांगले.

"मेले नं जी ते," वहिनी म्हणाली.

"हो," दादा म्हणाला आणि दोरीची गाठ पक्की बसली का, ते त्यानं ओढून पाहिलं.