दोनदा ऐकावं

“दोनदा ऐकावं, सर. एकदा ऐकलेलं पाणी कधी कधी भास असतोय.”

लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला, दुसरं उजव्या कानाला, डोळे मिटलेले. हर्सूलकडच्या आमच्या वसाहतीत पाणी सोडणाऱ्या या लाइनमनला पाहिलं असतं, तर तुम्हालाही वाटलं असतं, हा रस्त्याची नाडी बघतोय. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय, ते तो असं ऐकून सांगायचा. खणलं की तिथेच पाणी निघायचं.

मी विज्ञानाचा मास्तर, म्हणून त्याच्या शंका माझ्याकडे. एकदा त्यानं पेपरातला फोटो दाखवला. शनीच्या एका बर्फाळ चंद्रातून पाण्याचे फवारे उडत होते.

“गळती हाय ही,” तो म्हणाला. “खाली दाब हाय.”

शास्त्रज्ञही तेच म्हणतात, हे ऐकून त्याला विशेष काही वाटलं नाही. पण सध्या यान निघालंय ते गुरूच्या चंद्राकडे, म्हटल्यावर तो चक्रावला.

“गळती शनीकडं, अन् माणूस गुरूकडं धाडला व्हय?”

तिथेही बर्फाखाली समुद्र असावा, म्हणालो. यान उतरणार नाही, जवळून जाऊन तपासणार.

“सळई न टेकवता? कितींदा?”

“पुष्कळदा.”

“मंग ठीक हाय.”

गेल्या उन्हाळ्यात त्यानं माझ्या फाटकापुढे सळई माझ्याच हातात दिली. “तुमी ऐका, सर. माझा ह्यो कान गेलाय. सायबाला ठाऊक नाय.”

मी कान लावला. घरघर आली. पाणी होतं, लांबची रिक्षा होती, की माझंच डोकं, कोण जाणे. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

“आहे पाणी,” मी म्हणालो.

“दोनदा ऐकलं ना?”

“हो.”

एकदाच ऐकलं होतं. खड्डा कमरेएवढा झाला तरी कोरडाच. साहेब ओरडायला लागले तसा तो पुढे झाला. “माझ्या ऐकण्यात चुकलं, सायेब. कान गेलाय माझा.” मी फाटकातच उभा राहिलो. का गप्प बसलो, ते मला आजही उमगलेलं नाही. फार लाज वाटते.

त्याला रस्त्यावरच्या कामातून काढलं. मग तो कन्नडला गावी निघून गेला. अधूनमधून फोन करतो, डावा कान लावून, मोठ्यानं बोलत. खड्ड्याचा विषय कधीच काढत नाही.

“पोचलं का वो यान?”

“अजून काही वर्षं लागतील.”

“पाणी हाय का नाय, ते तुमीच सांगा मला. तुमी दोनदा ऐकता.”

तो टोमणा मारतो की खरंच तसं मानतो, मला कळत नाही. मी दर वेळी हो म्हणतो.